भत्ता ठरला, पुढे?
'शस्त्रं खाली ठेवलेल्यांना कारखान्यात घ्या, शांतता टिकेल' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. कोलंबियात २०१६च्या शांतता करारात फार्क या डाव्या बंडखोर संघटनेच्या माजी लढवय्यांना दोन वर्षं किमान वेतनाच्या ९० टक्के भत्ता आणि उद्योगासाठी माणशी ८० लाख पेसो ठरले. इकोनोन्सो या डोंगराळ भागातल्या त्यांच्या वस्तीत काहींनी 'ला रोहा' नावाची बिअर काढली, शिवणकामही सुरू केलं. पण माल बनवणं त्यातल्या त्यात सोपं! डोंगरातल्या वस्तीवरून तो शहरात न्यायचा तर नफा वाहतुकीतच जातो. शिवाय करारानंतर शेकडो माजी लढवय्ये मारले गेलेत. जिवाची धास्ती असलेला माणूस रोज ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्याने कामावर कसा येणार? नोकरी देणाऱ्या मालकाने आधी हे बघायला हवं. पगाराचं नंतर.