सेंट हेलेनाच्या लोकांना ब्रिटिश नागरिकत्व परत मिळायला एवढा वेळ का लागला?

अनुजा_के
नेपोलियनला कैदेत ठेवलेल्या सेंट हेलेना बेटाबद्दल वाचत होते. तिथले लोक पिढ्यानपिढ्या ब्रिटिश, तरी १९८१ च्या कायद्याने त्यांना पूर्ण नागरिकत्व नाकारलं आणि ते मिळालं थेट २००२ मध्ये. फॉकलंडवाल्यांना मात्र १९८३ मध्येच मिळालं. दोन्ही बेटं अटलांटिकमधली, दोन्हीकडे ब्रिटिश गव्हर्नर, मग असा भेद का? कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

मिलिंद ठाणेकर
मुख्य कारण हाँगकाँग. तेव्हा ती ब्रिटिश वसाहत होती, तिथे ५० लाखांच्या आसपास लोक होते, सगळ्या वसाहतींना एकच नियम लावला तर ते सगळे ब्रिटनमध्ये येऊन राहतील ही लंडनची भीती, म्हणून 'डिपेंडंट टेरिटरीज सिटिझन' ही वेगळी कॅटेगरी काढली. पासपोर्ट ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. तसे निर्बंध १९६२ पासूनच्या इमिग्रेशन कायद्यांनी येतच होते, १९८१ ला शिक्कामोर्तब झालं. सेंट हेलेनाचे लोक जेमतेम पाच-सहा हजार, त्यांचा कोणाला त्रास होणार होता? सुक्याबरोबर ओलंही जळलं. फॉकलंडसाठी अर्जेंटिनाशी १९८२ चं युद्ध झालं म्हणून लगेच वेगळा कायदा केला. सेंट हेलेनावाले मात्र इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांसारखेच हक्क देणारी दुसऱ्या चार्ल्स राजाची १६७३ ची सनद दाखवत भांडत राहिले, आणि १९९७ ला हाँगकाँग चीनकडे गेल्यावर कुठे वाट मोकळी झाली.

क्रॉलीकर
मी गॅटविक एअरपोर्टच्या शेजारी क्रॉलीत राहतो, इथे चागोसी लोकांची, म्हणजे हिंदी महासागरातल्या चागोस या ब्रिटिश ताब्यातल्या बेटांवरच्या लोकांची, मोठी वस्ती आहे. त्यांचं तर याहून वाईट झालं. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा म्हणून १९६८ ते १९७३ मध्ये सगळ्यांना बेटांवरून उठवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं. २००२ च्या कायद्यात त्यांच्या बऱ्याच मुलांना नागरिकत्व मिळालं, नातवंडांना नाही, कारण बाहेर जन्मलेल्यांच्या एकाच पिढीपर्यंत ते आपोआप जातं. अहो पण ती बाहेर जन्मली कोणामुळे? आजीकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि नातवाला व्हिसा काढायला लागायचा, असं एकाच घरात. शेवटी नोव्हेंबर २०२२ पासून वंशजांना फुकट नोंदणी करता येते, मोठ्यांना २२ नोव्हेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे.

अनुजा_के
चागोसचं हे माहीतच नव्हतं, फार वाईट वाटलं. आणि मत? सेंट हेलेनाचे लोक ब्रिटिश खासदार निवडतात का?

मिलिंद ठाणेकर
नाही, बेटाला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये एकही जागा नाही. स्वतःची लेजिस्लेटिव्ह कौन्सिल आहे, पण परराष्ट्र आणि संरक्षण गव्हर्नरकडे. फ्रान्सने रियुनियन, मार्टिनिक वगैरे समुद्रापारच्या वसाहती १९४६ मध्येच आपले जिल्हे करून टाकले, तिथले लोक पॅरिसच्या संसदेत खासदार पाठवतात, राष्ट्राध्यक्षालाही मत देतात. मला ते जास्त पटतं. तुमचे परराष्ट्र धोरण लंडनने ठरवायचं आणि लंडनमध्ये तुमचं कोणीच नाही, हे २००२ नंतरही तसंच आहे.