‘दुर्मिळ माती’ की ‘विरल मृत्तिका’?

रत्नागिरीहून :
बातम्यांत हल्ली ‘रेअर अर्थ’ मूलद्रव्यांसाठी ‘दुर्मिळ माती’ असं सारखं वाचायला मिळतं. मांडवीची काळी वाळू दाखवून लोक विचारतात, हीच का ती? आणि ‘बॅस्टनेसाइट’ या त्यांच्या खनिजाला मराठीत काय म्हणायचं?

गुहागरहून :
मांडवीच्या वाळूतलं काळं म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. तिच्यात साधं लोहचुंबक फिरवलं तर झुपका धरून चिकटतात ते कण मॅग्नेटाइटचे. इल्मेनाइट तितकी ओढ घेत नाही. या वाळूला ‘दुर्मिळ माती’ म्हणू नये. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट या खनिजात ती मूलद्रव्यं असतात, पण ते फॉस्फेट. बॅस्टनेसाइट हे कार्बोनेट : सिरियम, लँथॅनम ही त्यांतलीच मूलद्रव्यं आणि जोडीला फ्लुओरिन. त्याचे मोठे साठे पुळणीत नाहीत, खडकात आहेत. चीनचं बायान ओबो, कॅलिफोर्नियातलं माउंटन पास. आपल्या शेजारी गुजरातेत आंबाडोंगरलाही ते आढळतं. नाव स्वीडनमधल्या बास्टनेस खाणीवरून पडलंय, तेव्हा ते आहे तसंच ठेवावं.

खरा घोळ ‘माती’चा आहे. जुने रसायनशास्त्रज्ञ आगीत न बदलणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडांना ‘मृत्तिका’ या अर्थाचा शब्द वापरत. रसायनशास्त्रज्ञ गॅडोलिन यांनी 1794 मध्ये स्वीडनमधल्या इटर्बीच्या काळ्या दगडातून अशीच एक मृत्तिका वेगळी काढली. आपल्या तांबड्या मातीशी तिचा काही संबंध नाही.

‘दुर्मिळ’ही मला पटत नाही. भूकवचात सिरियम साधारण तांब्याइतकंच आहे. फक्त ते एका जागी साचलेलं क्वचित सापडतं, सगळीकडे थोडंथोडं पसरलेलं असतं. लावणी विरळ झाली असं आपण म्हणतो, तोच हा ‘विरल’. त्यामुळे ‘विरल मृत्तिका’ हाच शब्द मला अचूक वाटतो.

मालवणहून :
काका, ‘विरल’ मान्य. पण ‘दुर्मिळ’ अगदीच टाकू नका, खनिजांसाठी राहू द्या. लँथॅनाइट बघा, तेही विरल मृत्तिकांचं कार्बोनेट, पण स्फटिकात पाणी धरलेलं. ते खरोखरच क्वचित मिळतं. मूलद्रव्यं विरल, खनिज दुर्मिळ, असं लिहिलं तर दोन्ही शब्द कामाला येतील. आणि ‘कार्बोनेट’ला प्रतिशब्द शोधत बसू नये. शिंपल्यावर लिंबू पिळलं की फसफसतं ते कार्बोनेटच, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

रत्नागिरीहून :
मग वाक्य असं करतो : ‘बॅस्टनेसाइट हे विरल मृत्तिकांचं महत्त्वाचं धातुक आहे.’ ‘धातुक’ चालेल ना?

गुहागरहून :
चालेल. पहिल्या वेळी पुढे ‘म्हणजे धातू काढण्याजोगं खनिज’ एवढं जोडा.