नागरिकत्वाची शपथ 26 जानेवारीला घ्यावी का?

यारा_काठ:
ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाच्या समारंभाचं पत्र आलं, तारीख 26 जानेवारी. घरात आनंदीआनंद, आपला प्रजासत्ताक दिन आणि ऑस्ट्रेलिया डे एकाच दिवशी! मी मात्र कौन्सिलकडे (इथली नगरपालिका) दुसरी तारीख मागितली. मित्रमंडळींत त्यावरून बरंच वाजलं, म्हणून इथे मांडते आहे.

26 जानेवारी 1788 ला ब्रिटिश ताफ्याचा कप्तान आर्थर फिलिप याने सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा रोवला. तिथल्या गॅडिगल लोकांना ना कुणी विचारलं, ना त्यांच्याशी करार केला. जमीन कुणाचीच नव्हती, असं कायदा इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या माबो निकालापर्यंत धरून चालला होता. 204 वर्षं! 1938 मध्ये दीडशे वर्षांचा सोहळा झाला, तेव्हा फिलिपच्या आगमनाचा देखावा करायला सिडनीचे ॲबोरिजिनल, म्हणजे इथले मूळनिवासी लोक तयार होईनात. मग लांबच्या मेनिंडीहून माणसं आणून रेडफर्नच्या पोलीस बराकीत ठेवली आणि इंग्रजांना पाहून किनाऱ्यावरून पळत सुटायचं काम त्यांना दिलं. त्याच दिवशी विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन या ॲबोरिजिनल नेत्यांनी सिडनीतच शोकदिन पाळला. म्हणजे हा विरोध आजकालचा नाही. ज्यांचं गेलं, ते तेव्हापासून सांगत आहेत. त्या तारखेला मी शपथ घेणार नाही.

देशावरचा:
ताई, भावना समजली, निर्णय पटला नाही. 1788 ला आपल्याकडे पेशवाई होती. पुढे आपणही इंग्रजांच्याच टाचेखाली गेलो. इथलं गोऱ्यांपुरतं धोरण 1973 ला पूर्ण मोडीत निघालं, तोवर आपल्यालाही हे दार बहुतेक बंदच होतं. मग हे ओझं आपण का वाहायचं?

आणि ॲबोरिजिनल लोक तरी कुठे एका मताचे आहेत? सिनेटर जसिंता नांपिजिनपा प्राइस यांची आई वार्लपिरी या ॲबोरिजिनल जमातीची. वसाहतीचे दुष्परिणाम आज चालू आहेत असं आपल्याला वाटत नाही, उलट नळाचं पाणी आणि सहज मिळणारं अन्न आलं, असं त्या 2023 मध्ये जाहीरपणे म्हणाल्या. त्याच वर्षी ॲबोरिजिनल लोकांच्या वतीने संसदेला सल्ला देणाऱ्या 'व्हॉइस' या नियोजित मंडळावर सार्वमत झालं, तेव्हा सुमारे 60 टक्के लोकांनी नकार दिला. सहाही राज्यांत.

तारेआडचा:
प्राइसबाईंचं मत जमेला धरलंच पाहिजे. पण 'व्हॉइस'ला विरोध सिनेटर लिडिया थॉर्प यांनीही केला होता, नेमक्या उलट कारणाने. नुसतं सल्लागार मंडळ नको, आधी ॲबोरिजिनल लोकांशी करार करा, हे त्यांचं म्हणणं. शिवाय मत देणाऱ्यांत ॲबोरिजिनल लोक मूठभर. त्या 60 टक्क्यांवरून 'परिणाम संपले' असा निष्कर्ष निघत नाही.

साधारण 1910 ते 1970 या काळात दर दहांत एक ते दर तिनांत एक ॲबोरिजिनल मूल आईबापांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं, असं 1997 चा चौकशी अहवाल सांगतो. त्यातली कितीतरी मुलं आज साठी-सत्तरीची माणसं आहेत. 2008 मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली, तीही अशा हयात माणसांसमोर. आज हा समाज लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून कमी आहे, पण तुरुंगात जवळपास दर तिसरा कैदी त्यांचा.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड वाढले. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्याच वस्तीवर. कायदा गेला म्हणून त्याने लावलेला डाग जात नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही.

देशावरचा:
तुमच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं, त्यावर वाद नाही. पण मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्सच्या आसपासच्या वस्त्यांत दारू आहे, बायकांना होणारी मारहाण आहे. प्राइस त्याबद्दल पोटतिडकीने बोलतात. तारीख बदलून त्यातली एक तरी बाई वाचेल का?

यारा_काठ:
नाही वाचणार, मान्य. त्या बायकांसाठी काम झालंच पाहिजे. पण 'झालं गेलं' म्हणताना जूकन घळ आठवा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारात, मे 2020 मध्ये, खाणीसाठी रिओ टिंटो या कंपनीने तिथल्या शैलाश्रयांना सुरुंग लावले. 46,000 वर्षांच्या वावराच्या खुणा होत्या तिथे. केसांच्या वेणीचा 4,000 वर्षं जुना तुकडा सापडला होता आणि त्याचा डीएनए आज त्या भूमीवर हक्क सांगणाऱ्या पुटु कुंटी कुर्रामा लोकांशी जुळला होता. त्यांनी विनवण्या केल्या, तरी स्फोट झाला. आणि तो कायद्याने मिळालेल्या परवानगीने झाला.

नवा_पर्थकर:
वाद चालू द्या, एक कामाची माहिती देतो. समारंभ 26 लाच घेण्याची कौन्सिलांवरची सक्ती डिसेंबर 2022 मध्ये उठली. तीन दिवस आधी किंवा नंतरही घेता येतो. आमच्याकडे विचारल्यावर लगेच दुसरी तारीख मिळाली.

देशावरचा:
माहितीबद्दल आभार. आम्ही 26 लाच जाणार. पण जूकनचं मला ठाऊक नव्हतं, मुलांना सांगेन.