अनुभव धागा: गणपतीपासून दिवाळीपर्यंतची प्राथमिक शाळा

जून-जुलै हे महिने छत्र्या, वह्यांची कव्हरं आणि सर्दी-खोकल्यात जातात. शाळेत खरी लगबग सुरू होते ती गणपतीच्या सुमारास. शिक्षक दिन, हादगा, पाटीपूजन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, सहामाही, मग किल्ला आणि दिवाळीची सुट्टी. पहिली ते चौथीच्या मुलांचे या दिवसांतले अनुभव इथे लिहा. पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनीच. बक्षिसं आणि नाचाच्या फोटोंपेक्षा मुलांनी आपल्या हातांनी काय केलं, कुठे गेली, काय पाहिलं हे वाचायला जास्त आवडेल. शाळेचं नाव नको, तालुका-जिल्हा पुरे.

माझ्यापासून सुरुवात करते. मुलगी दुसरीत आहे, पुण्यात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन झालं. बाईंनी फळ्यावर एकाचे आकडे एकमेकांना जोडत सरस्वती काढून दाखवली आणि मुलांनी ती आपापल्या पाटीवर काढली. मग बाईंनी दोन डहाळ्या समोर ठेवल्या, एक आपट्याची, एक कांचनाची. आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत लागणारं. कांचनाचं मोठं आणि मऊ. बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनच येतो, हे मला या वयात मुलीकडून कळलं. संध्याकाळी मंडईत तिने प्रत्येक जुडी हात लावून तपासली. शेवटी आम्ही पानं घेतलीच नाहीत, तिने कागदावर काढून वाटली.

वऱ्हाडची लेक (बुलढाणा)

तुमच्याकडे हादगा, आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. शाळेत मातीच्या भुलाबाई-भुलोजी मांडून शेवटच्या तासाला गाणी होतात. आता मुलंही टिपऱ्या घेऊन येतात, आमच्या वेळी ती खिडकीत उभी राहायची. खाऊ ओळखायचा खेळ मात्र तोच. डबा कानाशी धरून हलवायचा, शेंगदाणे आहेत की फुटाणे ते आवाजावरून सांगायचं. आणणारीने डब्यात आधी रुमाल कोंबलेला असतो, म्हणजे आवाजच येऊ नये.

काळी पाटी (सातारा)

७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर असं नाव आहे, क्रमांक १९१४, आणि ते रजिस्टर शाळेने जपून ठेवलं आहे. २०१७पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून होतो, पण बरेचदा तो दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. म्हणून मी सुट्टीआधीच चौथीच्या मुलांसमोर आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं. आपापल्या घरातली नावं शोधा म्हटलं. वडिलांची, चुलत्यांची नावं सापडली की वर्गात आरडाओरडा. एका मुलीला आजीचं नाव सापडलं. इयत्ता दुसरी, शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर. तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी जाऊन विचारलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "आजीला धाकटा भाऊ झाला होता, त्याला सांभाळायला ठेवली." त्यानंतर ती आजी शाळेत आली, मुलांमध्ये बसली, स्वतःची ओळ बघून गेली. मला इतकी वर्षं झाली शिकवून, पण शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना मी त्या नजरेने कधी वाचला नव्हता. शिक्षकांनी हे जरूर करून पाहावं.

लेस्टरकर (इंग्लंड)

इथे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि पहिली टर्म नाताळापर्यंत चालते, मध्ये ऑक्टोबरात आठवड्याची सुट्टी. मुलगा पहिलीत आहे. पाऊस असो, चिखल असो, गमबूट घालून वर्ग बाहेर जातो. हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत तपकिरी बिया, त्यांना काँकर म्हणतात, त्या खिशात भरून येतात आणि वॉशिंग मशीनमध्ये खडखडतात. मग हार्वेस्टचा कार्यक्रम. प्रत्येकाने घरून एखादा डबा न्यायचा, बीन्स, सूप, काहीही, आणि ते सगळं फूड बँकेला जातं. मुलाने स्वतः दुकानात उभं राहून अननसाचा डबा निवडला, कारण "सूप सगळेच आणतील."

दिवाळी बेलग्रेव्ह रोडवर एवढी मोठी होते की शाळेला वेगळं सांगावं लागत नाही. मला वर्गात बोलावलं होतं. शेंगदाणे, काजू वगैरे शाळेत चालत नाहीत, म्हणून शंकरपाळे नेले आणि रंगीत तांदळाची रांगोळी काढून घेतली.

पण मला सांगायचं आहे ते ११ नोव्हेंबरचं. पहिलं महायुद्ध थांबलं त्या वेळी, सकाळी ११ वाजता, सगळी शाळा दोन मिनिटं स्तब्ध उभी राहते. मुलांच्या छातीवर कागदी पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल. बाईंनी विचारलं, कुणाच्या घरचं, गावचं कुणी त्या लढाईत होतं का? माझं माहेर सातारा तालुक्यातलं, अपशिंगे मिलिटरीच्या जवळ. पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या जवानांचं ते गाव. आजोळच्या गोष्टी ऐकून असल्यामुळे मुलाने हात वर केला. बाईंनी लगेच नकाशावर सातारा शोधला आणि तिथे पॉपी चिकटवली. ती अजून आहे. माझ्या आईला फोटो पाठवला तर तिने तो अख्ख्या गल्लीला दाखवला.

बालाघाट (बीड)

आमची शाळा डोंगरातल्या वाडीवरची, दोन शिक्षकांची. आमच्याकडे वर्षाचं सगळंच या दिवसांत करून घ्यावं लागतं. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. दसरा झाला की टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या खेपा वाढतात आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी आजी असली तर लेकरू गावात राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. वसतिगृहाची मंजुरी लांबली की लेकरं उसाच्या फडावर जातात ती थेट मार्च-एप्रिलात परत दिसतात. म्हणून वनभोजन, क्षेत्रभेट, बालआनंद मेळावा हे आम्ही दसऱ्याच्या आत घेतो. इतरांकडे जे बालदिनाला होतं ते आमच्याकडे घटस्थापनेच्या आठवड्यात.

यंदा मेळाव्यात तिसरीतल्या एका मुलाने उकडलेल्या शेंगांचं दुकान मांडलं. वाटीचं माप, वर्तमानपत्राच्या पुड्या, नोटा दगडाखाली दाबलेल्या. दुपारी सगळ्यांना हिशेब लिहायला बसवलं. शेंगा ६० रुपयांच्या, विक्री १०५. नफा ४५ लिहून तो थांबला. म्हणाला, "गुरुजी, मिठाचे दोन रुपये धरावे लागतील. सरपण मी रानातून आणलंय, त्याचे नाही धरत." आणि ४५ खोडून ४३ केले. आठवडाभर मी खरेदी-विक्री शिकवत होतो, हा त्याच्या पुढे गेला होता.

दिवाळी झाली आणि तो गेला. जाताना शिक्षण हमी कार्ड, ज्यावरून दुसऱ्या शाळेला त्याची इयत्ता कळते, ते भरून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दिलं. कारखाना भागातल्या शिक्षकांनो, वाचत असाल तर एक विनंती आहे. कोपीवरचं, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतलं, एखादं लेकरू दारात उभं दिसलं तर कार्ड हरवलेलं असलं तरी वर्गात बसवून घ्या.

सत्तरी (गोवा)

आमच्या मराठी प्राथमिक शाळेत चवथीच्या सुट्टीआधी माटोळीचं सामान जमवतात. गणपतीवर रानातल्या फळा-पानांची बांधतात ती. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे घोस, चिबूड. बाजारातून आणलेलं चालत नाही, रानात आजा-आजीबरोबर जाऊन आणायचं आणि कुठल्या झाडाखाली, कुठल्या वाटेवर मिळालं ते सांगायचं. माझ्या मुलाने ज्या जागेचं नाव घेतलं ती मलाही ठाऊक नव्हती.

चिखलमाती (नाशिक)

किल्ल्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. शाळेत किल्ला करणार असाल तर माती चाळून घ्या आणि आतून दगड-विटांचा उतार आधी पक्का करा, नाहीतर बुरूज घसरतो. वर गवतासाठी अळीव पेरा, दोन-तीन दिवसांत कोंब येतात. आमच्या गुरुजींची अट होती की किल्ला मनचा नको. ज्या गडाला भेट दिली, त्याचाच करायचा. आम्ही रामशेज केला, एकुलता एक डोंगर, दिंडोरीच्या वाटेवरचा. मावळे ठेवायला जागा कमी पडली तेव्हा कळलं की एवढ्याशा गडाने मुघलांना इतकी वर्षं दाद दिली नाही.

पंचगंगा (कोल्हापूर)

@बालाघाट, वाचलं. आमच्या शाळेच्या हद्दीत कारखान्याचा तळ आहे. गाड्या उतरल्या की आम्ही दोघी बाया संध्याकाळी तळावर जातो, तेव्हाच माणसं भेटतात, पहाटे फडावर गेलेली असतात. सहा ते चौदा वयाची मुलं लिहून घेतो. कार्ड असलं तर इयत्ता लगेच कळते, नसलं तर मुलाला वाचायला देऊन अंदाज घेतो आणि त्या वर्गात बसवतो. अडतं ते दुसरीकडेच. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी कोपीवर थांबते. यंदा धाकट्यांनाही घेऊन या म्हणून सांगितलं आहे, अंगणवाडी शेजारीच आहे. तुमच्या मुलांपैकी कुणी कोल्हापूर भागात आलं असेल तर कारखाना कुठला ते मुकादमाकडून विचारून मला निरोपात कळवा. आनंद मेळाव्याची वही सोबत द्या, आमच्याकडे बालदिनाचा मेळावा अजून व्हायचा आहे.