जखम भरतेय, पण खात नाही?

जखम सुकत आलीय पण गिनीपिग खात नाही, म्हणून 'दोन दिवस वाट बघू' म्हणताय. तेवढं मात्र करू नका. याचं आतडं सतत चालू लागतं. अर्धा-एक दिवस पोटात काही गेलं नाही, तरी ते मंदावतं आणि जखमेपेक्षा तेच जिवावर बेतू शकतं. आजच डॉक्टरांना दाखवा.

आमच्या गिनीपिगचा मागचा पाय जाळीत अडकून सोलवटला होता. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे त्याचं गोळ्यांचं खाद्य (पेलेट) कोमट पाण्यात पातळ भिजवून बिनसुईच्या सिरिंजने भरवायचो. टॉवेलात गुंडाळायचं, सिरिंज समोरून न घालता ओठाच्या कडेने दातांमागे सरकवायची, थेंबभर सोडायचं आणि चावून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की ठसका लागतो. पहिल्या दिवशी निम्मं माझ्या शर्टावर!

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, नुसत्या डोळ्यांना घट कळत नाही. भुसा काढून मऊ कापड अंथरा, भुशाचे कण जखमेत जातात. माणसांसारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि जखम भरायला ते लागतं. ढोबळी मिरची द्या, पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका, ते लवकर निकामी होतात.

आणि घरातलं उरलेलं अँटिबायोटिक अजिबात नको. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन पोटात गेलं तर हा जीव जाऊ शकतो.