मदत हवी आहे: टंगस्टन डायसेलेनाइडमधल्या डार्क एक्सायटॉनचा उजेड कसा वाढवायचा?

नमस्कार मंडळी, मी पणजीजवळ राहते, पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे आणि दोन महिने स्पेक्ट्रममधल्या एकाच पीकवर (शिखरावर) अडकलेय.

सॅम्पल म्हणजे टेपने सोलून काढलेला टंगस्टन डायसेलेनाइडचा एकच थर, जाडी जेमतेम ०.७ नॅनोमीटर. रूम टेंपरेचरला ७५० नॅनोमीटरच्या आसपास मस्त चमकतो, पण लिक्विड नायट्रोजनने ७७ केल्विनवर नेला की उजेड वाढायचा सोडून कमीच होतो. आधी वाटलं सॅम्पल खराब झालं, पण नाही, या पदार्थाचा स्वभावच तसा आहे. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची जोडी म्हणजे एक्सायटॉन, आणि यातली सगळ्यात कमी ऊर्जेची जोडी, म्हणजे डार्क एक्सायटॉन, अशी आहे की स्पिन जुळत नाही म्हणून ती सहजासहजी फोटॉन सोडत नाही, ब्राइट म्हणजे सहज उजेड देणाऱ्या जोडीपेक्षा ती साधारण ४० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट खाली, मग थंडीत सगळ्या तिथेच जाऊन बसतात. मॉलिब्डेनम डायसेलेनाइडमध्ये नेमकं उलटं, तिथे ब्राइट जोडीच खाली.

आता ती अगदीच काळोखी आहे असं नाही, थोडा उजेड देते, पण तिचा डायपोल थराला काटकोनात उभा असल्यामुळे तो उजेड आडवा निघून जातो आणि वरच्या ०.५ एनएच्या (एनए म्हणजे किती रुंद कोनातला उजेड गोळा होतो त्याचं माप) मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्हला फारसं काही मिळत नाही. म्हणून थर सोन्याच्या फिल्मवर ठेवून बघितला, प्लाझ्मॉनचं (सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटांचं) उभं फील्ड मिळेल अशी आशा होती, तर होता तोही उजेड गेला!

शिवाय ट्रायॉनचा (जादा इलेक्ट्रॉन किंवा होल चिकटलेल्या जोडीचा) पीकही ब्राइटपेक्षा ३० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास खाली येतो, म्हणजे डार्क आणि ट्रायॉन या दोघांत ४-५ नॅनोमीटरचा फरक, ७७ केल्विनला सगळं एकमेकांत मिसळतं. नक्की कोण कोण ते कसं ओळखायचं? चुंबकीय क्षेत्रात ओळखता आले असते, पण मॅग्नेट आमच्याकडे नाही.

आणि किनाऱ्यावरच्या लोकांना खास विचारते, या पावसात थर टेकवताना खाली पाणी अडकून बुडबुडे येतात, डिह्युमिडिफायर लावूनसुद्धा. तुम्ही काय करता?

प्रतिसाद:
ताई, सोन्याला थेट चिकटवलंत तर एनर्जी धातूतच जिरणार. मधे ५ ते १० नॅनोमीटर बोरॉन नायट्राइड (वीज न वाहणारा थर) घाला. नुसत्या सपाट फिल्मपेक्षा वरून सोन्याचा नॅनोकण बसवलात तर फटीतलं फील्ड बरंचसं उभं असतं, डार्कला तेच हवंय. ओळखायला लेझरची पॉवर वाढवून बघण्यात वेळ घालवू नका, दोघंही जवळपास सरळ रेषेतच वाढतात. सॅम्पलच्या कडेने उजेड गोळा करा आणि पोलरायझर फिरवा, डार्कचा उजेड थराला लंब पोलराइझ्ड असतो, ट्रायॉनचा थराच्या पातळीत. बुडबुड्यांसाठी थर बोरॉन नायट्राइडनेच उचला आणि स्टेज ११० डिग्री सेल्सिअसच्या आसपास ठेवून अगदी हळू, एका कडेने टेकवत न्या, बुडबुडे पुढे सरकत जातात.

धागाकर्ती:
खूप आभार, ११० डिग्रीचं उद्याच करून बघते. पण क्रायोस्टॅटला (सॅम्पल थंड ठेवायच्या डब्याला) खिडकी फक्त वरच आहे हो. सॅम्पलच्या कडेला ४५ अंशात छोटा आरसा बसवून आडवा उजेड वर वळवला तर चालेल का? कोणी केलंय?