स्लीव्ह सर्जरीनंतर फक्त पातळ: पोट गच्च, मन उपाशी

प्रश्न: वजन कमी करायला जठराचा मोठा भाग काढणारी स्लीव्ह सर्जरी झाली, आज पाचवा दिवस, फक्त पातळ पदार्थ चालू आहेत. दोन घोटांत पोट भरतं, तरी फोडणीचा वास आला की रडू येतं. ही भूक खरी की मनाची?

उत्तर १: बहुधा मनाची. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच काढतात. मनाची भूक अचानक येते, एकच पदार्थ मागते. घरच्यांच्या जेवणाची वेळ फेरी मारायला ठेवा. पंगतीत बसून संयम दाखवायची गरज नाही!

उत्तर २: आधी पाणी मोजा, चिडचिड अनेकदा तिथूनच येते. दर १० मिनिटांनी ३० मिली घेतलं तर साडेआठ तासांत दीड लिटर होतं. स्ट्रॉ नको, पोटात हवा जाते. वरणाच्या पाण्यात प्रथिनं नावालाच. दिवसाला ६० ग्रॅम गाठायला पावडर लागतेच. गोडाचा वीट आला तर बिनचवीची घ्या, गाळलेल्या कोमट सुपात. उकळत्या सुपात गुठळ्या होतात.

उत्तर ३: नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुरडू नका, हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा सगळा डोस एकदम उतरतो. उदासी दोन आठवडे हटली नाही तर समुपदेशक गाठा. ताप, धाप, नाडी १२०च्या वर, डावा खांदा दुखणं हे मात्र मनाचं नव्हे. लगेच सर्जनला फोन.